काचेची आतली बाजू

४ मार्च. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. डायरी गेल्या वर्षीची आहे, पण कागद चांगला आहे आणि तारखा काही बदललेल्या नाहीत. वार तेवढे खोडून टाकले.
संकल्प: रोज लिहिणे. रोज चालणे. आवाज चढवायचा नाही. (शेवटचा बायकोने सुचवला. मी आवाज चढवत नाही. तरी घेतला. संकल्प घ्यायला काय जातं?)
मुख्य गोष्ट. २८ तारखेला लॅबमध्ये आपल्या बुलेटप्रूफ काचेची टेस्ट. फॉर्टी-फोर मॅग्नम, म्हणजे दांडगं रिव्हॉल्व्हर. एकेका तुकड्यावर तीन गोळ्या, त्रिकोणात, पंजाभर अंतरावर. गोळी आरपार जाता कामा नये, आणि काचेच्या मागे किरच्या उडता कामा नयेत. पास झालो की सर्टिफिकेट. सर्टिफिकेट आलं की बँकेच्या चाळीस शाखांच्या काउंटरला आपली काच. नापास झालो तर बँक दुसरीकडे जाईल आणि कारखान्यातल्या एकोणीस माणसांना
वाक्य पूर्ण करत नाही. गरज नाही.

५ मार्च. संध्याकाळी
चालायला गेलो नाही. पायताण ओलं होतं.
लिहून ठेवतो, कारण पुढे कोणी विचारलं तर तारखेसकट असलेलं बरं. मी काच शिकलो कानाने. सायकलच्या कॅरिअरला काचा बांधून घरोघर फिरायचो तेव्हापासून. बोटाच्या पेराने टकटक केली की कुठे तडा आहे, कुठे हवेचा बुडबुडा आहे, फिल्म नीट बसली की नाही, सगळं कळतं. लोक मशीन वापरतात. मी पेर वापरतो.
आपल्या बुलेटप्रूफ मालाची रचना अशी. पुढे काचेचे थर, मधे चिकट फिल्म, आणि सगळ्यात मागे पॉलिकार्बोनेटची शीट. कामगार तिला प्लास्टिक म्हणतात. काच गोळीचा जोर मोडते, प्लास्टिक किरच्या धरून ठेवतं. म्हणून काच गोळीकडे, प्लास्टिक माणसाकडे. उलटं बसवलं तर गोळी कदाचित अडेल, पण मागे उभ्या माणसाच्या तोंडावर काच उडेल. वरून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. टकटक केली की काच टणकन वाजते, प्लास्टिक मठ्ठ. एवढं साधं आहे.
ही म्हणते, तळहात लावायचा. गार लागली ती काच, नाही लागलं ते प्लास्टिक. सुरुवातीच्या दिवसांत काचा पुसायला हीच असायची, तेव्हापासूनची तिची पद्धत. बायकी पद्धत. चुकीची नाही, पण शास्त्रीय नाही.

८ मार्च. दुपारी २.३०
तळघरातल्या शूटिंग रेंजवर सराव. बरोबर डिंक्या. डिंक्या म्हणजे आमचा फोरमन. सव्वीस वर्षं काचांच्या मधे फिल्म चिकटवतोय. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, पाहावं लागेल.
गोळ्या झाडणारा रेंजचा माणूस रिटायर्ड फौजी. सगळे त्याला सुभेदार म्हणतात. त्याने कानांवर लावायचे मफ वाटले. मी घेतले नाहीत. फुटताना काच बोलते. कोणता थर आधी गेला, कोणता नंतर, ते मफ लावून कसं कळणार? सुभेदार म्हणाला, शेठ, कान तुमचे. मी म्हणालो, तेच तर.
काचेमागे हातभर अंतरावर माझा जुना कोट हँगरला टांगला. माझा प्रतिनिधी म्हणून.
नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. तीन गोळ्या. काचेवर तीन पांढरी फुलं. कोटावर धूळसुद्धा नाही.
येताना कान भरल्यासारखे. तळघरात हवा खेळती नाही. रेंजवाल्यांना सांगायला हवं.

१२ मार्च
आज थ्री-फिफ्टी-सेव्हन आणि लगेच फॉर्टी-फोर. कोट शाबूत. ज्या गोळीसाठी २८ तारखेला टेस्ट आहे तिला आजच खिशात घातलं. डिंक्याने डोळे पुसले. मला काही वाटलं नाही. मुरलेल्या माणसाला यश असंच लागतं, गुळगुळीत.
सुभेदार पुन्हा मफ घेऊन मागे लागला. मी त्याला फौजेतल्या गोष्टी विचारल्या, तो विसरला. माणसं हाताळावी लागतात.
निघताना तो बराच वेळ काहीतरी सांगत होता, अगदी हळू. वय झालं की फौजी माणूससुद्धा मऊ बोलतो.

१३ मार्च. सकाळी
जाहिरातीची कल्पना सुचली. काचेच्या मागे खुर्चीवर मी, हातात चहाचा कप, डाव्या बाजूला ही उभी. समोरून फॉर्टी-फोर. धाडकन. मी घोट घेतो. खाली एकच ओळ, "आम्ही स्वतः मागे बसतो."
हिला सांगितलं. हिने माझ्याजवळ येऊन, अगदी कानाशी, स्पष्ट सांगितलं: "तुमच्या मागे तीस वर्षं उभी आहे. आता काचेच्या मागे कशाला?"
म्हणजे तत्त्वतः तयार आहे.

१५ मार्च. दुपारी
फॉर्टी-फोरवर थांबणं माझ्या स्वभावात नाही. सुभेदाराला म्हटलं, रायफल काढ. सेव्हन पॉइंट सिक्स टू. तो नाही म्हणाला. डिंक्या नाही म्हणाला. मी म्हणालो, भाडं मी देतोय.
एक गोळी. काच, प्लास्टिक, कोट, मागची फळी. कोटाला तिसऱ्या बटणाशेजारी आणखी एक काज पडलं. फळीतून ती पुढे कुठे गेली ते सुभेदार अजून शोधतोय.
निष्कर्ष: सुभेदाराने अंतर कमी घेतलं असावं. शिवाय बँकेत रायफल घेऊन कोण येतं? टोकन घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.
बंद तळघरात रायफल फारच वाजते. नंतर सगळे तोंडं हलवत होते, नाटकातल्यासारखे. मी हसलो. डिंक्याने मला हाताला धरून जिना चढवला. गरज नव्हती.

१६ मार्च
घरात छान शांतता आहे. रस्त्यावरची वर्दळ कमी झालेली दिसते.
चालायला गेलो. एक मोटारवाला मागून येऊन अंगावर घालणार होता. हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत हल्ली. त्याने खिडकीतून हातवारे केले. मी नमस्कार केला.

१७ मार्च
कारखान्यातला कॉम्प्रेसर शिट्टी मारतोय. बारीक, एकसुरी. डिंक्याला विचारलं तर तो मान हलवतो, नाही येत म्हणतो. सव्वीस वर्षं यंत्रांत काढली की माणसाचे कान जातात. वाईट वाटायला हवं होतं. मेकॅनिक बोलावला. त्याने बेल्ट बदलला.

१८ मार्च
शिट्टी आहे. मेकॅनिकला परत बोलावलं. त्याने कान लावला, मग माझ्याकडे पाहिलं, मग डिंक्याकडे पाहिलं. वॉल्व्ह बदलला.

१९ मार्च. सकाळी ७
शिट्टी घरी पण आहे! म्हणजे कॉम्प्रेसर निर्दोष. दोष फ्रिजचा. आंघोळीला जाण्याआधी फ्रिजची पिन काढून ठेवली.
संध्याकाळी: दूध नासलं. शिट्टी कमी झाल्यासारखी वाटली. न्हाणीघरात मात्र आहे. इमारतीच्या वायरिंगचाच प्रश्न दिसतो. सोसायटीला पत्र लिहिणार.

२१ मार्च
मुलीचा फोन. लाइन अत्यंत खराब. मी "हो बाबा, हो, मजेत" एवढं चारपाच वेळा म्हटलं आणि फोन हिच्याकडे दिला. दोघी अर्धा तास बोलल्या. लाइन माझ्यापुरतीच खराब असते.
नंतर ही समोर बसली. बोलली बरंच, पण पुटपुटत. मी तिला म्हटलं, मोठ्याने बोल. तिने डोळे मिटले. मग एका चिठ्ठीवर कानाच्या डॉक्टरचा पत्ता आणि वेळ लिहून माझ्या ताटाशेजारी ठेवली. २४ तारीख, सकाळी अकरा.
जाईन. बाकी काही नाही, कानात मळ असेल. मळ काढून घेतला की टेस्टच्या दिवशी कान आणखी तल्लख.

२३ मार्च
लॅबचा फॉर्म आला. तीन तुकडे द्यायचे, आपल्याच स्टीलच्या चौकटींत बसवून. चौकटीच्या पुढच्या बाजूला कंपनीची पट्टी. पट्टी बंदुकीकडे. फॉर्मवर लिहून द्यायचं की काच बरोबर बाजूने बसवली आहे, जबाबदारी आमची. खाली सही.
डिंक्या प्रत्येक तुकड्यावर स्टिकर लावतो, "ही बाजू बाहेर." बाळबोध. लॅबमधले लोक हसतील. भट्टीतून आल्यावर मी तिन्ही तुकड्यांवरचे स्टिकर खरवडून काढले आणि स्पिरिटने पुसून घेतले. आरशासारखे दिसायला लागले. डिंक्या काहीतरी म्हणत मागे मागे फिरत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, बाबा, पेर आहे ना माझं.
तो गप्प झाला. माणसाला विश्वास दाखवला की तो असा गप्प होतो.

२४ मार्च
डॉक्टरकडे जायला जमलं नाही. चौकटीचे स्क्रू आणायला गेलो. उद्या जाईन. म्हणजे टेस्टनंतर.

२५ मार्च. दुपारी ४
तिन्ही तुकडे मी स्वतः चौकटींत बसवले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पेराने एक बाजू वाजवली, दुसरी वाजवली. फरक फार सूक्ष्म होता. यावेळचा माल इतका एकजीव झालाय की दोन्ही बाजूंचा आवाज जवळजवळ सारखा. हे उत्तम लॅमिनेशनचं लक्षण. तरी कान लावून, श्वास रोखून ठरवलं. स्क्रू आवळले. सील केलं. फॉर्मवर सही केली, जाड निबाच्या पेनने.
ही डबा घेऊन आली होती. चौकटींपाशी थांबली. सवयीने तळहात लावून पाहिला. एकीला, मग दुसरीला, मग तिसरीला. माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, हो हो, छान झाल्यात. ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, हो. डिंक्या जवळ उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, ती माझ्याकडे. तिसऱ्यांदा म्हणाली. मी म्हणालो, हो ग, माहीत आहे मला.
मग ती डबा ठेवून गेली.
जेवताना लक्षात आलं, कौतुकाची सवय नाही बिचारीला. एवढं बोलायला तिला किती जड गेलं असेल.

२७ मार्च. संध्याकाळी
माल लॅबमध्ये पोचता केला. उद्यासाठी निळा शर्ट इस्त्री केला. बँकेचा माणूस येणार आहे. सर्टिफिकेट हातात घेतल्यावर काय बोलायचं ते लिहून काढलं. पाऊण पान. सुरुवात सायकलपासून.
बोटांच्या टोकांना काही लागत नाही दोन दिवस. दाढी करताना कापलं ते आरशात कळलं. स्पिरिटमुळे असेल. बोटाचं एक वेळ ठीक, हनुवटीला स्पिरिट कधी लागलं ते आठवत नाही.

२८ मार्च. सकाळी ९.४०
लॅबच्या बाकावरून लिहितोय. लॅबच्या मॅडम शिस्तीच्या. कोट आणला होता, नाही म्हणाल्या. काचेमागे फक्त त्यांची फॉइल लागते. ॲल्युमिनियमची, इतकी पातळ की फुंकर मारली तर थरथरते. एखादी किरची उडाली तरी फॉइलला भोक पडतं, मग नापास. मी म्हणालो, कोट जास्त बोलका आहे. त्या हसल्या नाहीत. खुर्चीवर बसून चहा पिण्याची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी मला मफ दिले आणि काचेपलीकडच्या खोलीत बसवलं. मफ लावावेच लागले. काही फरक जाणवला नाही.

१०.१५
पहिला तुकडा. तीन गोळ्या. गोळी अडली. तिन्ही अडल्या. बँकेच्या माणसाचा हात हातात घेतला.
मॅडम आत गेल्या. फॉइल उजेडात धरली.

११.३०
दुसरा तुकडाही झाला. तिसराही झाला.

दुपारी ३
रिपोर्ट सोबत आहे. तीन तुकडे, नऊ गोळ्या. एका रकान्यात "गोळी अडली काय? होय." पुढच्या रकान्यात "मागे किरच्या उडाल्या काय? होय." तिन्ही तुकड्यांना तेच. दोन्ही रकान्यांत होय. शाळेत असतं तर पैकीच्या पैकी.
मॅडमनी चौकट उलटी करून दाखवली. कंपनीच्या पट्टीकडे, गोळी लागली त्या बाजूला, प्लास्टिक. नखाने ओरखडा काढून दाखवला. मग एका कागदावर लिहून माझ्यासमोर सरकवलं: "तिन्ही उलटे बसवले आहेत. सही तुमची आहे." त्यांनी लिहून का दाखवलं कळलं नाही. मी ऐकत होतो.
रागावणं जमलं नाही. खिशातलं पाऊण पान तसंच परत आणलं.
पहिली फॉइल मागून घेतली. सदतीस भोकं.

२८ मार्च. संध्याकाळी
फॉइल हिला दाखवली. हिने ती चुरगळू न देता धरली, माझ्या समोर उभी राहिली आणि माझ्या अंगाला लावून पाहिली. शर्टाच्या तिसऱ्या बटणापासून हनुवटीपर्यंत भोकं. मग दोन पावलं माझ्या डावीकडे सरकून स्वतःला लावली. मी जाहिरातीत तिला उभं करणार होतो, तिथे. मग टेबलावर ठेवून वर मिठाची बरणी ठेवली, उडू नये म्हणून.
शिट्टी आज जरा मोठी आहे.

३० मार्च
बँकेचं पत्र. आभारी आहोत, अन्य पुरवठादाराशी बोलणी पूर्ण झाली आहेत, पुढील कार्यास शुभेच्छा. चांगल्या कागदावर आहे.
एकोणीसपैकी अकरा कामगारांना कमी करावं लागणार, तसं त्यांना सांगायचं आहे. डिंक्या म्हणाला, मी सांगतो. मी म्हणालो, नको, मी सांगतो. उद्या.

३१ मार्च
सांगितलं. ते काय म्हणाले ते नीट पोचलं नाही. एकाने हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. त्याचे ओठ हलत होते. मी "हो, हो" म्हणालो. त्याने हात सोडून दिला.
सगळे गेल्यावर डिंक्याला घेऊन बसलो. विचारलं, तुला शंका आली नाही? स्टिकर नसताना? त्याने माझ्या डायरीचा कोपरा फाडून घेतला आणि लिहिलं. अक्षर वाईट आहे, इथे उतरवून घेतो.
"वहिनी तीन वेळा म्हणाल्या, उलटी बसलीय. तुम्ही तीन वेळा हो म्हणालात. मला वाटलं शेठना माहीत आहे, काहीतरी डोक्यात असेल."
मी त्याला विचारलं, तुझं खरं नाव काय रे? त्याने तेही लिहिलं. मोठं नाव आहे.

२ एप्रिल
चालायला गेलो नाही. लिहिण्यासारखं काही नाही. नवा मेकॅनिक ठरवला आहे, सोमवारी येतो म्हणाला. मोठ्या कारखान्यांची कामं करतो. कॉम्प्रेसरची शिट्टी एकदा गेली की शांतपणे पुढचा विचार करता येईल.

५ एप्रिल. रविवार. दुपारी
कारखाना बंद. म्हटलं आज एकदा छडा लावू, मेकॅनिक येण्याआधी. ही बरोबर आली. मी नको म्हटलं नाही.
एकेक यंत्र बंद केलं. भट्टी, कटर, पंखे, कॉम्प्रेसर. शिट्टी. ऑफिसातलं घड्याळ काढून त्यातली बॅटरी काढली. शिट्टी. शेवटी मेन स्विच दोन्ही हातांनी खाली ओढला. सगळं अंधारलं, वरच्या झरोक्यांतून तेवढा उजेड. रस्ता रिकामा. कुठलीही वस्तू चालू नाही.
शिट्टी तशीच.
मेनची मूठ सोडली.
कोपऱ्यात फुटका तिसरा तुकडा ठेवला आहे. हिने माझा हात धरून तिकडे नेलं आणि तळहात त्याच्यावर टेकवला. पेर नव्हे, तळहात. काही लागेना. तिने तो तिथेच दाबून धरला. मग हळूहळू गार लागायला लागलं. मग तुकडा फिरवून दुसरी बाजू. ती गार नव्हती. एवढाच फरक.
मग ती बोलली. तोंड दिसत होतं, आवाज नव्हता. पुन्हा बोलली. मी तयारीतच होतो, हो अगदी ओठांवर आलं होतं.
म्हणालो, "ऐकू येत नाही."
तिने मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं.
सोमवारच्या मेकॅनिकला येऊ नको म्हणून सांगायचं आहे. फोन हिलाच करायला सांगावा लागेल.